केलॉईड होणारी त्वचा आणि टॅटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी पुण्यात टॅटू करते. "ताई, माझं मांस वाढतं, मला टॅटू चालेल का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो. विचारणाऱ्याचा हात बहुतेक वेळा आपसूक स्वतःच्या कानाकडे किंवा खांद्याकडे गेलेला असतो. माझ्या स्वतःच्या डाव्या कानावर केलॉईड होता, त्यामुळे त्या प्रश्नामागची भीती मला चांगली माहीत आहे.

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारून शिकलेलं, स्वतःच्या कानावर भोगलेलं आणि समोर बसलेल्या माणसांच्या कातडीवर पाहिलेलं आहे. तुमच्या अंगावरची गाठ कसली आहे हे वाचून कळणार नाही. ती डॉक्टरांनी बोटांनी चाचपूनच बघायला हवी.

केलॉईड म्हणजे नेमकं काय?

जखम झाली की तिचे काठ सांधायला त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे तंतू तयार होतात. जखम भरली की हे काम थांबायला हवं. काही जणांच्या त्वचेत ते थांबत नाही. तंतू साचत राहतात, वण फुगतो आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतो. त्याला कडेने पाय फुटल्यासारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं नाव ठेवलं ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच.

हाताला तो रबरासारखा टणक लागतो. वरची कातडी ताणलेली, चकचकीत. खाज येते, चुणचुण होते, कधी कधी रात्री ठणकतो. केलॉईड म्हणजे कॅन्सर नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. केलॉईड झाला ही तुमची चूक नाही. माझा कान फुगला तेव्हा घरात दोन महिने वांगं, दही आणि लोणचं बंद होतं, आणि "पथ्य पाळलं नसशील" हे मी रोज ऐकत होते. खाण्यापिण्याचा त्याच्याशी संबंध नाही. ही ठेवण बऱ्याचदा घराण्यातून येते, सावळ्या आणि काळ्या त्वचेत जास्त दिसते, आणि साधारण दहा ते तीस या वयात तिचा जोर जास्त असतो.

प्रत्येक फुगलेला वण केलॉईडच असतो का?

नाही, आणि हा फरक समजून घेतलात तर निम्मी भीती जाईल. दुसऱ्या प्रकाराला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. तोही लाल, उंच आणि खाजरा असतो, पण जिथे जखम होती तेवढ्यातच राहतो. जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत वर येतो, काही महिने वाढतो आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात बहुतेक वेळा आपणहून खाली बसायला लागतो. केलॉईड मात्र सावकाश येतो. जखम बरी होऊन तीन महिने, कधी वर्ष उलटल्यावर तो डोकं वर काढतो, आणि आपणहून जात नाही.

जुने फोटो असतील तर काढून बघा. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या फोटोत खांद्यावरचा वण आजच्यापेक्षा लहान दिसत असेल, तर तो वाढतोय.

माझी त्वचा अशी आहे का हे घरबसल्या कसं ओळखू?

तुमच्या अंगावरच्या जुन्या जखमा बघा. डिझाइन निवडायच्या आधी हे करा, कारण एकदा डिझाइनवर जीव जडला की माणूस स्वतःच्या वणांकडे नीट बघत नाही.

सुरुवात कानांपासून करा. पाळीच्या पुढून आणि मागून, दोन बोटांत धरून चाचपा. बारशाच्या सुमारास सोनाराने टोचलेले कान बहुतेकांचे नीट असतात. लहानपणी काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण हा त्रास वयात येताना आणि त्यानंतर जास्त होतो. कॉलेजात असताना टोचलेलं दुसरं-तिसरं भोक, नाक, मुलांच्या कानाच्या वरच्या कडेला भिकबाळीसाठी पाडलेलं भोक, यांचं काय झालं ते जास्त महत्त्वाचं.

मग डावा दंड. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला जन्मल्यावर बीसीजीची लस मिळते आणि तिचा वण तिथे असतो. सपाट किंवा किंचित खोलगट असेल तर उत्तम. उंच, गुळगुळीत, दाण्यासारखा असेल तर लक्षात ठेवा, पण तेवढ्यावरून निकाल लावू नका. दंडाची ती जागा मुळातच वण फुगवणारी आहे आणि ती लस स्वतःच छोटा फोड आणते. वण टिकलीएवढा असायचा तो आता रुपयाएवढा झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर छातीवरचे आणि पाठीवरचे मुरुम. मुरुम गेल्यावर तिथे डाग राहिला की गाठ? अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा किंवा सिझेरियनचा टाका, कांजिण्यांचे वण, पोटरीवरचा सायलेन्सरचा चटका, कुकरच्या वाफेने भाजलेलं मनगट. सगळीकडे बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो.

शेवटी आई-वडील, भावंडं, मावशी-आत्या यांना विचारा. "केलॉईड आहे का?" असं विचारलंत तर सगळे नाही म्हणतील. "कुणाचं मांस वाढलंय का?" असं विचारा.

टॅटू केला की केलॉईड होतोच का?

होतोच असं नाही. टॅटूची सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते आणि शाई मधल्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये सोडते. मिनिटाला हजारो टोचे पडतात, पण प्रत्येक टोचा केसाएवढा बारीक असतो आणि लवकर मिटतो. किती जण टॅटू करून घेतात ते पाहता टॅटूवर केलॉईड आल्याच्या नोंदी कमीच आहेत. कान टोचल्यावर, विशेषतः वरच्या कडेच्या कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, तो जास्त सहज येतो.

पण ज्याला एकदा केलॉईड झाला आहे त्याच्यासाठी हे गणित बदलतं. आणि एक कारण आम्हा कारागिरांच्या हातात असतं. सुई खोल गेली, एकाच रेषेवरून पाच-सहा वेळा फिरली, कातडी सोलवटून तिच्यातून चिकट पाणी यायला लागलं, की ते बारीक टोचे राहत नाहीत, तिथे सलग एक जखम होते. अशी जखम साध्या त्वचेवरही फुगीर वण ठेवते.

आजीच्या हातभर गोंदण आहे आणि सगळं सपाट आहे. मग मला का भीती घालता?

हा प्रश्न मला आवडतो, कारण माझ्या आजीच्याही मनगटावर तुळस होती आणि कपाळावर तीन ठिपके. गोंदणारीण काजळीत सुया बुडवून टोचायची. तिची जागा बघा: कपाळ, हनुवटी, हाताची आतली बाजू, मनगट. आणि काम बघा: ठिपके आणि बारीक रेषा. छातीच्या मधोमध किंवा खांद्यावर तळहाताएवढा काळा भरीव आकार त्या बायका गोंदवत नव्हत्या. ते काम मुळातच कमी जोखमीचं होतं.

आजीची त्वचा सपाट राहिली ही तुमच्यासाठी चांगली खूण आहे, पण तुम्हाला तिच्याबरोबर आईकडची आणि वडिलांकडची बाकीची माणसंही वारशात मिळाली आहेत.

तुम्ही स्वतः कुणाला टॅटू करता आणि कुणाला परत पाठवता?

अंगावर खरा केलॉईड असेल, म्हणजे हद्द ओलांडून वाढलेला आणि विशेषतः आपणहून उगवलेला, तर मी करत नाही. दोन-तीन ठिकाणी असतील तर चर्चासुद्धा करत नाही. एका ठिकाणी, फक्त टोचलेल्या कानावर असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते आणि त्यांनी नको म्हटलं की विषय तिथे थांबतो.

फक्त हायपरट्रॉफिक वणाचा इतिहास असेल, तोही बसलेला असेल, तर आम्ही बसून बोलतो. जागा, आकार, पद्धत ठरवतो. घरात आईला किंवा भावाला केलॉईड आहे पण स्वतःच्या अंगावर दहा जखमा होऊन सगळ्या सपाट आहेत, अशा माणसालाही मी छोटं काम करून देते, पण धोका तोंडी सांगून आणि त्याच्या अक्षरात लिहून घेऊनच.

माझ्या नकारावर लोक चिडतात. एक मुलगा वडील गेल्यावर त्यांची सही छातीवर गोंदवून घ्यायला आला होता. शर्टाची वरची दोन बटणं काढली तर छातीच्या हाडावर मुरुमाच्या जागी दोन केलॉईड, एक पावट्याएवढा आणि दुसरा बोटभर लांब. त्याला ते "जुने डाग" वाटत होते. मी त्याला समजावलं की त्या सहीची अक्षरं वर्षभरात फुगून एकमेकांत मिसळतील आणि वाचता येणार नाहीत. तो अर्धा तास बसून राहिला. शेवटी त्याने ती सही चांदीच्या पदकावर कोरून घेतली आणि दाखवायला परत आला. ते पदक हातात घेतल्यावर मला माझ्या नकाराचं वाईट वाटलं नाही.

कुठल्या जागा टाळाव्यात?

छातीचा मधला भाग, खांदे, दंडाचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड, मान, कान. या जागी कातडीवर सतत ताण असतो. हात उचलला, मान वळवली, श्वास घेतला तरी ती ओढली जाते. त्यातून छातीवर मंगळसूत्र घासतं, खांद्यावर ब्राचा किंवा सॅकचा पट्टा, मानेवर कॉलर.

हाताची आतली बाजू, पोटरी, पायाचा घोटा या त्यामानाने बऱ्या जागा. "बऱ्या" एवढाच शब्द वापरते, सुरक्षित म्हणत नाही. तळहात आणि तळपायाला केलॉईड फारसा होत नाही हे खरं, पण तिथे शाईही टिकत नाही.

डिझाइन आणि पद्धतीत काय बदल करावा?

बारीक रेषा, मोकळी जागा, लहान आकार. भरीव काळा रंग आणि गच्च शेडिंग नको, कारण त्यासाठी तीच कातडी पुन्हा पुन्हा टोचावी लागते. अशा त्वचेवर मी एका रेषेवरून एकदाच जाते. रेष थोडी फिकट राहिली तर राहू देते. टचअपसाठी इतरांना दीड-दोन महिन्यांनी बोलावते, यांना सहा महिन्यांच्या आत बोलावत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा "राहू दे ना, छान दिसतंय" असंच म्हणते.

मोठं डिझाइन हवं असेल तर त्याचा एक छोटा, स्वतंत्र दिसेल असा तुकडा आधी करा आणि वर्षभर थांबा. पुढे काही केलं नाही तरी अर्धवट वाटणार नाही असा तुकडा निवडावा लागतो. कारागिराची खरी कसोटी तिथे लागते.

एक ठिपका टोचून टेस्ट करता येते का?

करता येते, मी करते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. टेस्ट करायची तर ज्या जागी टॅटू हवा आहे तिथेच करायची. मनगटावरचा ठिपका सपाट राहिला म्हणून खांदाही सपाट राहील असं नाही. एका ठिपक्यापेक्षा बोटाच्या पेराएवढी एक रेष बरी, कारण तिच्यात खऱ्या कामासारखा घाव पडतो. मग किमान तीन महिने, शक्य तर सहा महिने वाट बघायची.

ती रेष फुगली तर उत्तर स्पष्ट मिळालं. नाही फुगली तर एवढंच कळलं की तेवढ्या रेषेने त्वचा बिथरली नाही. आठ दिवसांनी "टेस्ट पास झाली" सांगून काम सुरू करणारा कुणी भेटला तर तिथून उठा. केलॉईड आठ दिवसांत येतच नाही.

जुन्या केलॉईडवरच टॅटू करून तो झाकता येईल का?

नको. ही विनंती मला सगळ्यात जास्त हलवते, कारण ती करणाऱ्याने वर्षानुवर्षं गळाबंद कपडे घालून काढलेली असतात. पण केलॉईडला टोचलं की तो चवताळतो आणि आणखी वाढू शकतो. शिवाय त्या कडक तंतूंत शाई नीट बसत नाही, कुठे पसरते, कुठे धरतच नाही. आणि रंग काही उंची लपवत नाही. उलट, त्या गाठीत पुढे काही बदल झाला तर शाईखाली डॉक्टरांना तो दिसणार नाही.

ऑपरेशनचा सपाट, पांढरट, जुना वण मात्र वेगळी गोष्ट आहे. दोन वर्षं उलटून गेली असतील, खाज नसेल, रंग स्थिर असेल, तर त्यावर किंवा त्याच्या कडेने सुंदर काम होतं. त्यातही डॉक्टरांचा होकार आधी.

कुठला रंग घ्यावा?

केलॉईडचा रंगाशी थेट संबंध नाही, तो जखमेमुळे होतो. पण शाईची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाला येते, आणि ती आली की तेवढाच लाल भाग फुगतो, खाजतो. मग केलॉईड की अ‍ॅलर्जी हा गोंधळ होतो, वर खाजवून नवी जखम होते. तुमच्या त्वचेला हा जास्तीचा ताप कशाला? काळ्या रंगावर भागवा.

माझा जुना टॅटू मध्येच उंच लागतो. केलॉईड झाला का?

बहुतेक वेळा नाही. गरम होऊन घाम आला, पावसाळी दमट हवा असली किंवा अंगावर पित्त उठलं की जुन्या टॅटूच्या रेषा काही तास उभ्या राहतात आणि परत बसतात. असं येऊन-जाऊन असेल तर घाबरू नका.

एकाच रंगाचा भाग सतत फुगलेला असेल तर अ‍ॅलर्जीकडे संशय. बारीक पुळ्या, पू, गरमपणा, ताप असेल तर संसर्ग. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या जंतूंनी आठवड्यांनंतरही पुळ्या येतात आणि साध्या अँटिबायोटिकने त्या जात नाहीत. सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लॅनस असलेल्यांना टोचलेल्या रेषेवरच तो आजार उमटू शकतो. क्वचित टॅटूतल्या गाठी सार्कॉइडोसिससारख्या आतल्या आजाराची पहिली खूण असतात.

बरा झालेला टॅटू तीन-चार महिन्यांनी टणक व्हायला लागला, उंचवटा रेषेच्या बाहेर सरकू लागला आणि परत बसत नसेल, तर केलॉईडची शक्यता धरा. दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. डॉक्टरांना या फोटोंचा फार उपयोग होतो.

टॅटू झाल्यावर काळजी कशी घ्यायची?

कारागिराने सांगितलेली नेहमीची काळजी तर घ्याच: स्वच्छ हात, साधा बिनवासाचा साबण, पातळ थराचं मलम, दोन-तीन आठवडे पोहणं बंद, ऊन टाळणं. तुमच्यासाठी त्यात दोन गोष्टींवर जास्त जोर. खपली ओढायची नाही, एकही नाही. आणि घासणारं काही वर येऊ द्यायचं नाही. लोकलच्या गर्दीत किंवा स्कूटरवर सॅक त्याच बाजूला लटकवून जाल तर दहा दिवसांत भरणारी जखम महिनाभर ओली राहील. जखम जितकी रेंगाळते तितका वण फुगायचा संभव वाढतो.

सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी वणांवर उपयोगी आहे, पण कातडी पूर्ण मिटल्यावरच. ओल्या टॅटूवर नाही. पुढे ती दिवसाचे बारा तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने वापरावी लागते. आठवडाभर लावून "फरक पडला नाही" म्हणून सोडू नका.

हळद, लिंबू, टूथपेस्ट, खोबरेल तेलात कालवलेली पूड, यातलं काही लावू नका. मेडिकलमधून मनाने आणलेली स्टेरॉइडची ट्यूबही नको. ताज्या जखमेवर ती भरून येणं लांबवते.

केलॉईड झालाच तर?

लवकर जा. माझी सगळी कळकळ या दोन शब्दांत आहे. हरभऱ्याएवढा असताना जे सहा महिन्यांत आटोक्यात येतं, ते लिंबाएवढं झाल्यावर वर्षानुवर्षं छळतं.

माझं सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घेतलं, तेही गनने, जी कूर्चेत वापरूच नये. पाच महिन्यांनी भोकाच्या मागे हरभऱ्याएवढी गाठ आली. एका ठिकाणी ती भूल देऊन कापली, टाके घातले, टाके काढले, आणि "झालं" म्हणून घरी पाठवलं. पुढच्या उपचाराचं नावही कुणी काढलं नाही. आठ महिन्यांत त्याच जागी बोराएवढी गाठ उभी होती. उशीवर कान टेकवता यायचा नाही. नुसता कापलेला केलॉईड निम्म्याहून जास्त वेळा परत येतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण कापणं हीच त्याच्यासाठी नवी जखम असते.

मग त्वचारोगतज्ज्ञ भेटल्या. गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, दर चार ते सहा आठवड्यांनी एक. दुखतात, खोटं सांगणार नाही. गाठ इतकी कडक असते की औषध आत ढकलताना डॉक्टरांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं मला दिसायचं. तिसऱ्या इंजेक्शनला गाठ मऊ झाली, सहाव्यानंतर बसली. जागा आजही शेजारच्या कातडीपेक्षा फिकट आहे, हा त्या इंजेक्शनांचा माहीत असलेला परिणाम आहे.

याशिवाय द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, पाच-एफयू किंवा ब्लिओमायसिनची इंजेक्शनं, कानासाठी दाब देणाऱ्या चकत्या, लेझर, आणि हट्टी गाठींसाठी कापून लगेच किरणोपचार असे मार्ग आहेत. कुठला, कुणाला, कितीदा, हे डॉक्टर ठरवतील. कापायचं ठरलं तर एकच प्रश्न आवर्जून विचारा: "कापल्यानंतर परत येऊ नये म्हणून पुढे काय करणार?" उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

भरतीसाठी टॅटू काढून टाकायचा आहे. मला केलॉईड होतो. काय करू?

गावाकडून येणाऱ्या मुलांचा हा प्रश्न वाचताना पोटात गोळा येतो. जत्रेत पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर हातावर नाव काढून घेतलेलं असतं आणि एकोणिसाव्या वर्षी मेडिकलची तारीख येते.

पहिली गोष्ट: काढायची खरंच गरज आहे का ते बघा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय नियमांत डाव्या हाताच्या कोपरापुढच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पाठीवर, त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान असलेला टॅटू चालतो. त्यात धार्मिक चिन्ह किंवा नाव यांना मुभा आहे. डावाच हात, कारण सलाम उजव्याने करतात. प्रत्येक दलाचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा चालू जाहिरात स्वतः वाचा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरी: अ‍ॅसिड, चुना, मीठ घासणं, तापलेला चमचा, ऑनलाइन मिळणारं "टॅटू रिमूव्हर" यातलं काहीही करू नका. मी अशा जळालेल्या जागेवर मनगट ते कोपर उठलेला केलॉईड पाहिला आहे. टॅटू गेला, पण हात सरळ होईना.

लेझरनेही वण येऊ शकतो, म्हणून तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच, केलॉईडचा इतिहास आधी सांगून, छोट्या भागावर चाचणी घेऊन. दोन सिटिंगमध्ये आठवड्यांचं अंतर लागतं आणि बऱ्याच सिटिंग लागतात. भरतीच्या आदल्या महिन्यात हे होत नाही.

मग काळी मेंदी बरी का? ती तर टोचत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर आणि जत्रांत तासाभरात गडद काळी होणारी जी मेंदी काढून देतात तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं. त्याने फोड येऊ शकतात, आणि फोडांच्या जागी डिझाइनच्या आकाराचा फुगीर वण उमटू शकतो. तुमच्यासारख्या त्वचेवर ती टॅटूइतकीच वाईट. घरी पानं वाटून किंवा खात्रीच्या पुडीतून भिजवलेली, केशरी-तपकिरी रंगणारी साधी मेंदी काढा. पाण्याने चिकटवायचे टॅटूही आता फार सुंदर मिळतात.

मायक्रोब्लेडिंगने भुवया करून घेतल्या तर?

तोही टॅटूच आहे, सुईऐवजी पातं. भुवईवर केलॉईड क्वचित होतो, पण झाला तर चेहऱ्यावर होईल. वरचे सगळे प्रश्न आधी स्वतःला विचारा. पार्लरमधली मुलगी विचारेलच असं नाही.

गरोदरपणात, किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असताना?

गरोदरपणात नको. त्या काळात जुने केलॉईडही वाढताना दिसतात. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या थांबवल्या असतील तर किती थांबायचं ते गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि ज्या मुरुमांसाठी त्या घेतल्या त्यांनी छातीवर गाठी ठेवल्या आहेत का तेही दाखवून घ्या.

तुमच्याकडे विचारायला येताना काय आणू?

जुने फोटो, आधीच्या उपचाराची चिठ्ठी असेल तर ती, आणि घरात कुणाला काय झालंय याची माहिती. डिझाइन त्या दिवशी आणू नका. ढगळ बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता घाला म्हणजे डावा दंड वरपर्यंत उघडता येईल, आणि कानातलं घरीच काढून या. खिडकीजवळ बसवून मी आधी कान बघते, मग दंड, मग पाठ. दहा मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे मी घेत नाही.